लोकरीला सुतक नाही

३ नोव्हें., सोम.
बाबांचा दहावा झाला. चादरी, पडदे, सगळं धुतलं. राहिला गालिचा. शेवटचे महिने बाबा त्याच्यावरच होते. आता आई झोपते.
इथल्या गोरखपूर बाजारातल्या लाँड्रीवाल्याला फोटो दाखवला. "दीदी, पानी मत लगाना, पीछे का गोंद छूट जाएगा." म्हणजे कोरडाच साफ करायचा.
नागपूरहून आत्याचा फोन. धुता येत नसेल तर तेरवीला देऊन टाका म्हणे. मग स्वतःच, "लोकरीचा हाये ना तो? मंग राहू दे. लोकरीले सुतक नाही लागत."
आई लगेच म्हणाली, लोकरीचाच. काश्मिरी. बाबा प्रत्येक पाहुण्याला हेच सांगायचे.

४ नोव्हें., मंगळ.
खाण्याचा सोडा चाळणीने भुरभुरला. मालिशच्या तेलाच्या डागावर कॉर्नफ्लोर दाबून ठेवलं, मग चमच्याच्या कडेने खरवडलं. पीठ पिवळं निघालं. वास तोच. रडू येईल वाटलं. नाही आलं.
गच्चीच्या कठड्यावर टाकून झोडपला. आई म्हणाली, "हळू मार. लागन." थांबले. मग पुन्हा झोडपला.
मागे खरंच गोंद आहे. हाताने विणलेल्याला गोंद कशाला...

५ नोव्हें., बुध.
कडेचा एक धागा ओढून जाळला. लोकर केसासारखी जळते, राख होते. हा वितळला. काळा कडक मणी. दुसराही तसाच. तिसरा नाही जाळला.
आईला सांगितलं नाही. सांगितलं तर उद्या तेरवीला गालिचा जाईल. नाही सांगितलं तर आत्याच्या हिशेबाने सुतक घरातच. मी हे मानत नाही. पण अजून देवाला हात लावलेला नाही.

संध्याकाळी
आत्या आली. गालिच्याच्या कडेशी थांबली, पाय ठेवला नाही. घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून मलाच विचारलं, खरंच लोकरीचा आहे का.
"तुह्या बापाचं सोड, त्याले कोणीबी फसवे. तू शिकली हायेस. तू सांगशीन ते मी मानीन."
आई गालिच्यावरच बसलेली. माझ्याकडे पाहिलं नाही. हाताने लव सारखी करून राहिली होती.
मी म्हटलं, आधी चहा घ्या, आत्या.
हे स्वयंपाकघरात लिहितेय. चहा केव्हाच गाळून झाला. आत्या बाहेर अजून उभीच आहे.