बाबांचा रकाना

मॅनिटोवॉक, विस्कॉन्सिन
शुक्रवार, ३ जानेवारी

प्रिय डेल,

सकाळी दारापुढचा बर्फ काढला. दुपारी बाबांचे कोट चर्चमध्ये देऊन आलो. घर ठीक आहे. तुमच्याकडे टुसॉनला ऊन असेल. मार्लाला माझी आठवण सांग.

बाबांचे फुटबॉल सामन्यांच्या अंदाजांचे कागद फ्रेम करायला पाठव, असं तू सांगितलंस त्याला तीन आठवडे होतील. पाकिटावर तुझा पत्ता केव्हाच घातला आहे. आत कागद घालायला हात होत नव्हता.

फ्रिजवर सप्टेंबरपासूनचे सगळे आहेत. दर शुक्रवारचा एक, तीन रकाने: बाबा, डेल, ओरिन. "जिंकणार कोण हे कुणीही सांगेल, किती गुणांनी ते बोला," असं बाबा म्हणायचे. पैसा आपण कधी लावला नाही. हरणाऱ्याने वर्षभर टोमणे खायचे, एवढंच.

बाबांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात हातात हॅम सँडविच घेऊन तू सगळ्यांना सांगत होतास, "म्हाताऱ्यानं यंदा मला चार सामन्यांनी मागे टाकलं! शेवटपर्यंत डोकं शाबूत. म्हणून तर मी निर्धास्त होतो." एड्ना आत्या म्हणाली, "तुला हरवायला कसलं डोकं लागतंय?" सगळे हसले. मी कॉफी आणायला उठलो.

डेल, सहाव्या कागदापर्यंत अक्षर बाबांचं आहे. सातव्यापासून माझं.

ऑक्टोबरात एका सकाळी ते पेन्सिल घेऊन बसले आणि मला विचारलं, "यातला आपला संघ कुठला रे?" आपल्या ग्रीन बेचं नाव त्यांच्या बोटाखाली होतं. मेंदूला झटका येऊन गेलाय आणि आणखी येतील, असं डॉक्टर म्हणाले. तुला मी नुसता अशक्तपणा म्हणालो. शुक्रवारी अंदाजांसाठी तुझा फोन आला तेव्हा म्हणालो, बाबा आत्ताच आडवे झालेत. तू म्हणालास, "झोपू दे. त्यांचे अंदाज तेवढे सांग." मी माझ्या मनाचे सांगितले. मग दर शुक्रवारी तेच.

नोव्हेंबरात शिकागोशी सामना होता. शिकागोला साडेसहा गुणांची सूट होती. म्हणजे ते सहाने हरले तरी त्यांच्या बाजूचा अंदाज बरोबर. मला तेच पटलं, म्हणून बाबांच्या रकान्यात शिकागो लिहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही ग्रीन बेच्या विरुद्ध लिहिलं नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुझ्या आलं.

"शिकागो? ओरिन, म्हातारा बरा आहे ना रे? मी येऊ का?"

तू हसत नव्हतास. तेव्हा सांगायला हवं होतं.

मी म्हणालो, "म्हातारपणी अक्कल आलीय त्यांना." मग तू हसलास. विमानाच्या तिकिटाचं राहून गेलं. शिकागोवाले पाचनेच हरले. बाबांचा अंदाज बरोबर धरला गेला.

बाबांची अब्रू राखली, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते खरं नाही. तू आला असतास, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू म्हणाला असतास, आणि ते बरोबरच होतं. या घरात मला एकटं राहायचं नव्हतं.

आणखी एक. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "डेल कधी येतोय?" तुझं नाव त्यांना आठवत होतं. मी म्हणालो, येतोय.

सोबत सहा कागद आहेत. ते खरे आहेत. बाकीचे इथे आहेत, जाळणार नाही.

परवा हंगामाचा शेवटचा सामना. ग्रीन बेचा अंदाज बरोबर धरायला त्यांनी तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं. मी सवयीने तीन रकाने आखले, मग एक खोडला. तुझा रिकामा आहे. हे पत्र पोचेपर्यंत सामना होऊन गेला असेल, पण तू फोन केला नाहीस तरी तो रिकामाच राहील, मी भरणार नाही.

टपाल पाचला निघतं. बूट घालतो आणि कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकून येतो.

तुझा,
ओरिन