मार्लिससाठी आठ गॅलन व्हिनेगर

शुक्रवार, ९ जानेवारी. सकाळी १०.१५

मार्लिस फार्गोला बहिणीकडे, लव्हॉनकडे, गेली त्याला आज सहा दिवस झाले. किती दिवसांसाठी ते बोलली नाही. मी विचारलं नाही. निघताना एकच वाक्य म्हणाली, "आर्विड, या घरात माझा जीव गुदमरतो." टीव्हीवर बर्फातल्या मासेमारीचा कार्यक्रम चालू होता, त्यामुळे पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मी "बरं" म्हणालो.

सहा दिवस डोकं चालवलं. आज सिंकखालचं कपाट उघडलं आणि उलगडा झाला. ब्लीच, अमोनिया, ओव्हनचा फवारा, पाइनच्या वासाचं फरशीचं औषध. अकरा बाटल्या. अशा घरात कोणाचाही जीव गुदमरेल. माझा कसा गुदमरला नाही याचंच आश्चर्य, पण चौतीस वर्षं पेपर मिलमध्ये काढल्यावर नाकात काही शिल्लक राहत नाही.

निर्धार: यापुढे सगळं नैसर्गिक, सगळं घरी केलेलं. १ फेब्रुवारीपर्यंत मार्लिस घरात.

शनिवार, १० जानेवारी

पांढरं व्हिनेगर, आठ गॅलन. बेकिंग सोडा, दोन मोठ्या पिशव्या. काउंटरवरच्या बाईने विचारलं, काकड्यांचं लोणचं घालताय का? जानेवारीत. हो म्हणालो. समजावून सांगण्याचा उत्साह नव्हता. ती म्हणाली, मग शेपू विसरू नका. शेपूही घेतला.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी १.२०

बाटलीत व्हिनेगर, त्यात सोडा. काय फेस! एवढं जोरदार औषध बाजारात मिळणार नाही. जोर आतच राहावा म्हणून बूच घट्ट लावलं. वर लेबल: 'मार्लिस नं. १'.

१.२३. जोर बाहेर आला. स्वयंपाकघराचं छत ओलं. तसंही छत कधी कोणी पुसत नाही. तेही काम झालं.

गुरुवार, १५ जानेवारी

शेजारची डोलोरेस हॉटडिश घेऊन आली. खाली किमा, वर बटाट्याचे गोळे. आमच्याकडे माणूस मेला की हॉटडिश येते. तिला सांगितलं की मार्लिस फक्त फार्गोला गेली आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे.

दारातच तिने नाक वर केलं. मग घरभर पाहिलं, बाटल्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वेगळंच आहे."

इतर कोणी असतं तर मनाला लागलं असतं. आमच्या मिनेसोटात एखादी गोष्ट अगदीच भिकार असेल तर माणसं 'वाईट' म्हणत नाहीत, 'वेगळी' म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात डोलोरेसने जेलीत गाजर घातलं होतं तेव्हा मीच 'वेगळं आहे' म्हणालो होतो. पण डोलोरेस सरळ बाई आहे. तिने कौतुकच केलं असणार.

तीन वाजून दहा मिनिटांनी गुडघ्यावर थाप मारून "चला मग" म्हणाली. म्हणजे निरोप सुरू. अर्धा तास स्वयंपाकघराच्या दारात, पाव तास बाहेरच्या दारात, मग पायऱ्यांवर. चार वाजून पाच मिनिटांनी गेली. लवकर गेली म्हणायची.

सोमवार, १९ जानेवारी

डोलोरेस डबा न्यायला आली. तिची भाची शाळेत केमिस्ट्री शिकवते. ती म्हणते, व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की दोघं एकमेकांना मारतात. आधी खूप फेस होतो, मग उरतं ते नुसतं खारट पाणी. त्याने काहीच साफ होत नाही.

शिकलेल्या माणसांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते. पाणी शांत असतं. भांडत नाही. आमच्या घरात चाळीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही, हे मी तिला सांगितलं. त्याचा इथे काय संबंध, असं तिने विचारलं. मलाही आठवेना.

शुक्रवार, २३ जानेवारी

आता नवा मार्ग. ऑलिव्ह तेलाचा साबण, द्रवरूप, शुद्ध. व्हिनेगर चांगलं, साबण चांगला, मग दोन्ही मिळून दुप्पट चांगलं. मिसळल्याबरोबर फाटलं. नासलेल्या दुधासारखे पांढरे गोळे, वर तेल. फेकवेना. टबला लावून पाहिलं. टबला असं तेज पूर्वी कधीच नव्हतं.

सायंकाळी ५.३०. टबमध्ये घसरलो. कंबर टेकली. फारसं दुखलं नाही. हल्ली फारसं काही जाणवत नाही. त्याने कामं भराभर होतात.

रविवार, २५ जानेवारी

मार्लिसला फोन. मी सांगितलं इथे उणे वीस आहे. ती म्हणाली तिथे उणे बावीस. मग मी तिला छत, टब, साबण, सगळं सविस्तर सांगितलं. चाळीस मिनिटं. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. मग मधेच तिने विचारलं, "आर्विड, तू कसा आहेस?"

मी म्हणालो, संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये दोन आठवडे मुरायला हव्यात.

पलीकडे बराच वेळ शांतता. प्रभावित झाली असावी. मग म्हणाली, लव्हॉनला फोन हवा आहे. लव्हॉनकडे स्वतःचा मोबाइल आहे, पण ते असो.

आजच बारा संत्री खाल्ली. साली बरण्यांत घातल्या.

शनिवार, ३१ जानेवारी

उद्या १ तारीख. मुदत १४ पर्यंत वाढवली. औषधं मुरायला वेळ लागतो, त्यात माझा दोष नाही.

आज धुण्याचा सोडा घरी केला. बेकिंग सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजला की होतो. भारीच कडक. आता करून पाहायला काहीतरी हवं म्हणून मार्लिसचा लेफ्साचा तवा काढला. तिच्या आईचा. ॲल्युमिनियमचा, चांगला दोन हात घेराचा. दर नोव्हेंबरात मार्लिस त्यावर बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्से, भाजते. ती लाटते, उलटते, मी शेजारी बसून खातो. तव्याला कडेने जळक्या पिठाचं वळं बसलं आहे. ते काढून तिला चकित करणार. लेप दिला.

रविवार, १ फेब्रुवारी

वळं गेलं. तवा काळा झाला. सगळाच. व्हिनेगरने पुसला, लिंबाने घासला. काळाच.

घाबरण्याचं कारण नाही. नोव्हेंबरपर्यंत तवा लागत नाही. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली ठेवला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मार्लिसचा फोन. स्वतःहून! पुढच्या शनिवारी येते म्हणाली. शनिवारी १४ तारीख. मी म्हणालो, बघ, व्हॅलेंटाइनचा दिवस निवडलास. ती म्हणाली, लव्हॉनची गाडी शनिवारी मोकळी असते. लाजली असावी.

निर्धार: पडदे, फ्रीज, दारांच्या मुठी, सगळं व्हिनेगरने. एक वस्तू सुटता कामा नये.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

डोलोरेस दारातूनच बोलली, आत आली नाही. म्हणाली, आर्विड, घराला लोणच्याच्या बरणीचा वास येतोय, ती बाई येऊन श्वास कसा घेईल? मुद्दा बरोबर होता. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, एकूण चौदा. बाहेर उणे अठरा. हवा मात्र पहिल्या प्रतीची.

शनिवार, १४ फेब्रुवारी. सकाळी ८.००

नळाला पाणी नाही. पाइप गोठला. बोटं बधिर, पेन नीट धरता येत नाही. खिडक्या उघड्याच ठेवतो. आता माघार नाही.

दुपारी ३.००

मार्लिस साडेअकराला आली. केस आखूड कापलेत. चांगली दिसते. ते मी तिला सांगितलं नाही, नंतर सांगू म्हटलं.

कोट काढला नाही. खिडक्या का उघड्या आहेत, विचारलं. मी म्हणालो, तुझा जीव गुदमरतो म्हणून. मग अकरा बाटल्या कशा फेकल्या ते सांगितलं, छत दाखवलं, टब दाखवला, संत्र्यांच्या बरण्या दाखवल्या. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आर्विड, मला बाटल्यांचा त्रास कधीच नव्हता."

मी विचारलं, मग कशाचा? ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी या टेबलाशी बसून तुझ्याशी बोलले. तू मला बाहेर किती डिग्री आहे ते सांगितलंस."

भिंतीवरच्या तापमापकाकडे बघितलं गेलं. तिने ते पाहिलं. हसली थोडी. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, आईचा तवा घ्यायला आले आहे.

गॅरेजमधून आणला. ताडपत्री काढली. तिने काळ्या तव्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वेगळंच आहे."

तवा काखोटीला मारून निघाली. गुडघ्यावर थाप नाही, "चला मग" नाही, दारात उभं राहणं नाही, पायऱ्यांवर थांबणं नाही. थेट गाडीत बसली. काच खाली केली नाही. घड्याळ पाहिलं, पूर्ण एक मिनिटही लागलं नाही. सदतीस साली आमच्या चर्चला आग लागली तेव्हासुद्धा लोक यापेक्षा सावकाश बाहेर पडले होते, असं माझे वडील सांगायचे.

मी तिथेच फाटकाशी उभा राहिलो. निरोपाला आमच्याकडे तास लागतो. तो पुरा केला.

लेफ्से नोव्हेंबरात करतात. फेब्रुवारीत कोणी तवा नेत नाही. एवढं मलाही कळतं.

रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ९.३०

खिडक्या लावल्या. पाइपातला बर्फ वितळला. संत्र्याच्या साली मुरल्या, वास खरोखर चांगला आहे. टेबल पुसलं. दोन्ही बाजूंनी.

बाहेर उणे एकोणीस.