सही करणाऱ्याने आधी बसायचं

मी, खाली सही करणारा, लिफ्ट दुरुस्तीच्या दुकानातला मेकॅनिक, डोकं तापलेलं पण ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. कायद्याचं कॉलेज मध्येच सोडलं म्हणून दुकानात मला 'वकील' म्हणतात. मृत्युपत्राचा धडा मात्र त्याआधी झाला होता.

कारण असं. दवाखान्याची लिफ्ट उद्या सुरू व्हायची आहे. दोर तुटला तर तिला रुळांवर पकडून धरणारा ब्रेक जुनाच आहे, वरून रंग फासलेला. उद्या ती पूर्ण वजनानिशी वरून सोडून तो ब्रेक धरतो का ते पाहायचं, आणि आत मी एकटा.

हा आमचा नियम. दुकानातल्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीकाकांनी तरुणपणी एका लिफ्टच्या कागदावर सही केली, स्वतः खाली थांबले आणि भावाला आत बसवलं. भाऊ गेला. तेव्हापासून काकांचं एकच, "सही करणाऱ्याचं बूड आधी लिफ्टमध्ये." पुढे इमारतवाले विचारू लागले, "तुमचा माणूस आधी बसला का?" नाही म्हटलं की काम दुसऱ्याला. मग बाकीच्या दुकानांनीही झक मारत नियम उचलला. विमावाल्यांनी तो कागदावर छापला आणि नियमाचा चौकोन झाला. चौकोनात खूण करायला लिफ्टमध्ये बसावं लागत नाही.

माझा फोन ताईला. त्यात आमच्या दुकानाच्या मॅनेजरचं बोलणं टेप आहे: "अरे वकिला, चौकोन आहे तो, फाशी नाही! खूण कर नि मोकळा हो." ताईला गप्प बसता येत नाही, म्हणून तिलाच.

कायद्याची पुस्तकं बाबांना. फी त्यांची होती, टोमणेही त्यांचेच.

मोटारसायकल तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला. "त्या खटाऱ्यावर मी मेले तरी बसणार नाही," असं ती म्हणाली होती. मी मेल्यावर बसायला हरकत नसावी. ब्रेक मी स्वतः बसवलेत, बिनधास्त चालव. मी 'नाही' म्हणून निघून गेलो, तर खूण दुसरा कुणीतरी करेल आणि पहिल्याच फेरीला पेशंटच्या खाटेसकट तू आत असशील. यापलीकडे मला तुझ्याशी नीट बोलता आलं नाही.

मिस्त्रीकाकांना काहीही नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, आणि मला साक्ष त्यांचीच हवी.

ब्रेकने धरलं, तर हा कागद फाडावा.

सही: वकील
ठिकाण: दवाखान्याची गच्ची, लिफ्टच्या मशीनची खोली
दिनांक: लिफ्ट सुरू होण्याच्या आदली दुपार

साक्षीदार पहिला, दवाखान्याचा वॉचमन: वाचलं नाही. सही करताना पाहिलं.

साक्षीदार दुसरा, मिस्त्री: पोरगा शुद्धीत आहे, माझ्यासमोर सही करून चहाला गेला. लिफ्टच्या कागदावरची सही मात्र मी सकाळीच केली आहे. म्हणजे नियमाने उद्या आत मी. तो चिडेल, चिडू दे. खाली थांबणं मला पुन्हा जमणार नाही.