इंदिराबाईच्या नावावरची वर्षं

प्रिय अक्का,

कालच्या बाजारात जळगावचे भिकनभाऊ भेटले, त्यांच्याकडून तुझी खबर कळली. भाईदास भाऊजी गेल्यापासून एकटीच राहतेस, डिंपल ये म्हणते तरी लेकीच्या घरी जात नाहीस. तुझी धाकटी जाऊ म्हणून इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली, तुझा हट्ट मला नवा नाही. माझं म्हणशील तर साक्रीची हवा बरी आहे, पण अंग आता साथ देत नाही. डाळमिल सुटली, खोकला नाही सुटला. दुपारी पडले की उठावंसंच वाटत नाही.

मधे हितेंद्र मला धुळ्याला घेऊन गेला, माझ्या पेन्शनचं बघायला. तिथल्या फंडाच्या ऑफिसातल्या बाईंनी नीट समजावलं. ज्याच्या नावावर फंड कापला गेला, त्याची नोकरीची दहा वर्षं भरली पाहिजेत, मग अठ्ठावन्न पूर्ण झाली की पेन्शन. माझ्या नावावर फक्त शेवटच्या मिलमधली नोकरी. वर्षं भरत नाहीत. जे जमा आहे ते एकदम मिळेल, दर महिन्याचं काही नाही. आणि जळगावच्या मिलमध्ये तुझ्या, इंदिराबाईच्या नावावरची वर्षं मात्र भरून वर उरली आहेत. खरं सांगते अक्का, जीव जळला माझा. धुरळा खात ती वर्षं मी काढली होती. दोन दिवस मी पोराशीही धड बोलले नाही.

डिंपलच्या वेळी तू बाळंतीण होतीस. जागा जाईल म्हणून मी तुझ्या नावाने कामावर गेले. तुझं नाव पुकारलं की पदर पुढे ओढून ‘हाजिर’ म्हणायचे. बाळंतपण सरलं, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या, घरात दोघींची पोरं. तू घरी राहिलीस, मी जात राहिले. एकदा वना मुकादमाला म्हटलंही, आता माझं नाव लावा. तो म्हणाला, “नाव इंदिराबाईनंच ऱ्हाऊ दे. काम तर व्हई राहिनं ना!” आपल्यालाही ते पटलं. एकाच घरातलं नाव, कोणाचं का असेना. अजूनही जळगावच्या स्टँडवर जुन्या बाया मला इंदिरा म्हणून हाक मारतात, आणि मी वळून बघते.

भिकनभाऊंनी आणखी एक सांगितलं. सोमवारी तू ऑफिसात जाऊन सांगणार आहेस म्हणे, की ही नोकरी माझी नाही, लताची आहे, तिच्या नावावर करा. म्हणून हे पत्र. तसं करू नकोस, अक्का. ती वर्षं माझ्या नावावर कोणी चढवणार नाही, तुझी मात्र जातील, आणि म्हातारपणी जावयापुढे हात पसरायची वेळ येईल. घरी तू होतीस म्हणून मी मिलमध्ये निर्धास्त उभी राहायचे. हितेंद्रला कांजिण्या आल्या तेव्हा त्याच्या उशाशी तू बसलीस, मला खाडा करावा लागला नाही. तो आई म्हणायला शिकला तेही तुला बघून. तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते. ती नोकरी आपण दोघींनी केली. सोमवारी जा, पण पेन्शनचा अर्ज करायला जा. हितेंद्रला पाठवतेय, त्याला सोबत ने. हा कोण म्हणून कोणी विचारलं, तर ‘माझा मुलगा’ म्हण. ते तरी खोटं नाही.

तुझीच,
लता