शाईवाल्यांची बोटं

दि. १७

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू समारंभाला आली नाहीस त्याचा राग शेवटी काढीन, आधी बातमी. काल आमच्या युनियननं लोकशाहीची चाळिशी साजरी केली. भाषणं कुणालाच नको होती (माझं सोडून), म्हणून मी सुचवलं की पुढच्या रविवारी खरी निवडणूक आहेच, तर कारखान्याच्या आवारात तिची रंगीत तालीम करू. पेटी, पडदा, रांग, सगळं रीतसर. प्रश्न ठेवला, दुपारच्या सुट्टीत चहा हवा की कॉफी.

पहिल्या मताचा मान बाबांना. आमच्यातले सगळ्यात जुने कामगार, शिवाय मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेला माणूस अख्ख्या वस्तीत दुसरा नाही. कोट घालून आले होते. मत दिल्यावर मी स्वतः त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला आपल्या कारखान्याची शाई लावली. देशभरच्या मतदारांच्या बोटांना लागणारी शाई आम्ही जन्मभर हातमोजे घालून बाटल्यांत भरली, पण आपल्या दारात, आपल्या हातानं, आपल्याच माणसाला कधी लावली नव्हती. बाबांचे डोळे भरून आले. मग काय, सगळेच बोटं पुढे करून उभे, तुझी वहिनीसुद्धा.

चहा जिंकला. कॉफीवाले फेरमोजणी मागताहेत. तुझी निवडणुकीची ड्यूटी कुठं लागली ते कळव. राग काढायला जागा उरली नाही, तो येशील तेव्हा घरी घे.

तुझा,
दादा

दि. १९

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अरे, ती शाई निघत नाही! हे जगात कुणाला माहीत नसेल तर चालेल, पण तुला? तुमच्या फाटकावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलंय. आणि ज्याच्या बोटावर शाई, त्याचं मतदान झालं असं समजून परत पाठवायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं.

ड्यूटी कुठं विचारतोस ना? आपल्याच वस्तीतल्या शाळेत. केंद्राध्यक्ष मीच. म्हणजे बाबा रविवारी कोट घालून माझ्यासमोर येणार. चाळीस वर्षांत त्यांनी एक मत चुकवलं नाही, न्यूमोनिया झाला होता तेव्हा तू पाठुंगळीला घेऊन गेलास. पुढची निवडणूक पाच वर्षांनी, आणि डॉक्टर काय म्हणालेत ते तुला ठाऊक आहे. पुढचं लिहवत नाही. काहीतरी कर.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, पण आज जरा कमी.

धाकटी

दि. २०

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

कपाळावर हात मारून घेतला. तालीम म्हणजे तालीम, एवढंच डोक्यात होतं गं.

कालपासून अख्खी वस्ती बोटं घासते आहे. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. तुझ्या वहिनीनं तारेची घासणी आणली तेव्हा बाबांनी हात कोटाच्या खिशात घातला तो काढलाच नाही. प्रयोगशाळेतला आमचा चष्मा (मान वर न करणारा तो केमिस्ट, आठवतो ना?) म्हणाला की शाई काढायचं औषध तो बनवू शकेल, पण आपली शाई निघते अशी बोंब झाली तर ती घेणार कोण? यावर आमसभा झाली आणि दोन ठराव पास झाले. शाई निघालीच पाहिजे, हा एक. शाई निघते असं जो म्हणेल त्याला युनियनमधून काढावं, हा दुसरा. दोन्ही एकमतानं!

शेवटी मला सुचलं. आम्ही सरकारकडे अर्ज केला की आमची नखं वाढेपर्यंत निवडणूक थोडी पुढे ढकलावी. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं मत वाचलं की मग सांगू.

काळजी करू नकोस. तुझा हुशार,
दादा

दि. २१

ती. दादास सा. न. वि. वि.

हुशार? अर्ज सरकारला आवडलाय! काल रात्री मंत्री रेडिओवर गहिवरून बोलत होते. निवडणूक लांबवावी ही आमची नाही, खुद्द कामगारांची मागणी आहे म्हणाले, आणि कामगारांचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही म्हणाले. दादा, हे सरकार पडणार हे आमच्या शाळेच्या शिपायालाही माहीत आहे. त्यांना तू आयतं कोलीत दिलंस. नखांच्या वाढीचा अभ्यास करायला समितीसुद्धा नेमली आहे. आम्हाला सांगितलंय, मतपेट्या उघडू नका, वाट पाहा.

बाबांना आजच सांग, कुणाकडून कळायच्या आत. मला फार भीती वाटते.

धाकटी

दि. २२

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

बाबांनी रेडिओ ऐकला होता. मी घरी आलो तर दारातच कोट घालून बसलेले. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले की हुकूमशाही आली त्या वेळीही अशीच सुरुवात झाली होती. नदीला पूर आला म्हणून निवडणूक महिनाभर पुढे गेली. लोकांनीच मागणी केली असं सांगितलं होतं. त्या महिन्याची अकरा वर्षं झाली, आणि त्यातली चार बाबांनी तुरुंगात काढली.

मी म्हटलं, बाबा, तुमचं मत जाईल हो. म्हणाले, माझं जाईल, तुम्हा चहावाल्या-कॉफीवाल्यांचं जाईल, बाकी देशाचं राहील ना. मग मला समोर बसवून अर्ज मागे घेणारं पत्र लिहून घेतलं, की आमची नखं आहेत तशी उत्तम आहेत. रात्रीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि सकाळी वर्तमानपत्रांना दिलं. मंत्र्यांना आता तोंड नाही, निवडणूक रविवारीच. समिती मात्र रद्द झालेली नाही. आज नखं मोजून गेली.

शरमेनं मान वर होत नाही. बाबांना सांभाळून घे.

दादा

दि. २४

ती. दादास सा. न. वि. वि.

तू मागे रांगेत होतास, तुला आत काय झालं ते दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

बाबा पहिले. उजव्या हाताला शाई लावून चालेल का, असं मी आधीच वरच्या साहेबांना विचारलं होतं. नियमात उजवा हात नाही, म्हणाले. बाबांनी डावं बोट टेबलावर ठेवलं. तालमीची शाई कशी झळकत होती! मी म्हटलं, आपलं मतदान झालेलं आहे, आपल्याला मत देता येणार नाही. आपण म्हटलं मी, बाबांना. त्यांनी बोटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मतदान वेळेवर सुरू झालं का एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते वळले आणि निघून गेले. मग तुम्ही सगळे एकेक करून नकार घ्यायला आलात, ते मी कसं पार पाडलं देव जाणे.

संध्याकाळी घरी डोकावले तर पाठ करून झोपलेले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दादा, बाबा माझ्यावर रागावलेत का रे? खरं सांग.

धाकटी

दि. २८

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, रागावलेत कसले! सरकार पडलं हे वस्तीत कुणी बोलतसुद्धा नाही, कारण बाबा कुणाला बोलू देत नाहीत. दूधवाल्याला थांबवतात, पोस्टमनला थांबवतात, नखं मोजायला आलेल्या समितीला खुर्च्या देऊन बसवलं, आणि सगळ्यांना एकच सांगतात, माझ्या लेकीनं मला परत पाठवलं. आमच्या तरुणपणी साहेबाचा मेहुणा आला की पेटीच त्याच्या हवाली करायचे, आणि माझ्या पोरीनं बापाला आपण म्हणून परत पाठवलं! चार वर्षं वसूल झाली म्हणतात.

तुझ्याशी का बोलले नाहीत, तेही मी विचारलं. म्हणाले, बोललो असतो तर रडलो असतो, आणि केंद्राध्यक्षाच्या बापानं असं करणं बरं दिसत नाही.

शाईची खूण नखाबरोबर जराशी वर सरकली आहे. तुझी वहिनी काल बाबांची नखं कापायला बसली तर त्यांनी तेवढं एक बोट मुठीत धरून ठेवलं. तू आलीस की तुला दाखवायचं आहे म्हणे. लवकर ये.

तुम्हा दोघांच्या लोभाला अजून पात्र असलेला,
दादा