टाकीत उरलेला वायू

ट्रोंडहाइम, ३ मे १९६२

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकलाही गेला.

काल तोंडी परीक्षा झाली. प्राध्यापक हॉवलान हसले, "अगं, झडपेची टाकी तापवली तरी आतली ऊर्जा वाढणारच. जा, पुढच्या वर्षी ये."

मी जागची हलले नाही. म्हटलं, "झडप वायू बाहेर सोडते, दाब वाढू देत नाही, सर. आतला वायू तापतो, पण कमीही होतो. दिलेली सगळी उष्णता निसटणाऱ्या वायूबरोबर जाते, आतली ऊर्जा तेवढीच राहते." आणि फळ्यावर मांडून दाखवलं.

त्यांनी एकेक ओळ तपासली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

बाबांची कंबर कशी आहे? नापास झालीस तर मासे खारवायला परत ये, म्हणाले होते ना? त्यांना सांग, त्या कामाला दुसरी बाई बघा.

तुझीच हट्टी,
सुन्निवा