कानातली माणसं

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. एक गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे. हाताशी फोन असताना पत्र का, ते पुढे येईलच. आधी मला तुला एक भारी गोष्ट सांगायची आहे. दोन महिने मी ती पोटात ठेवली आणि आता ती तिथे मावेनाशी झाली आहे.

मी पॉडकास्ट ऐकते. हसू नकोस. नुसती ऐकत नाही, वेड्यासारखी ऐकते. सुरुवात झाली ती आमच्या काउंटरवरच्या मुलीमुळे. तिला मी मनातल्या मनात कारंजं म्हणते, कारण ती सकाळी दुकान उघडताना सुरू होते आणि शटर पडेपर्यंत थांबत नाही. चष्मा न्यायला आलेल्या माणसाला ती त्याच्या घरच्यांची चौकशी करूनच सोडते. मी मागच्या खोलीत काचा घासत बसलेली असते आणि तिचं बोलणं दारातून झिरपत माझ्यापर्यंत येतं. तर तिला आठ दिवसांची रजा हवी होती. जायच्या आदल्या दिवशी ती मागे आली, माझा फोन मागून घेतला, त्यात काय काय घातलं आणि स्वतःचे जादाचे इअरफोन माझ्या हातात ठेवले. म्हणाली, मी नसले की तुमच्या कानावर कोण पडणार, हे असू द्या. मालकांनी मशीनपाशी एकाच कानात घालायची अट टाकली. मीही मान हलवली. मला वाटलं, गाणी असतील.

गाणी कसली! दोघे भाऊ निघाले. दोघेही इंजिनिअर, दोघेही हट्टी, आणि प्रत्येक भागात ते कुठला तरी पडलेला पूल घेतात आणि तो का पडला यावर भांडतात. मी काच मशीनला लावली, पाणी सुरू केलं, आणि एकीकडे वारा, गंज, कुणीतरी चुकीचा बसवलेला एक बोल्ट. शेवटी पूल पडला तेव्हा माझी काच फ्रेमच्या मापाची होऊन मशीन कधीच थांबलं होतं आणि मी तशीच बसले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कामावरून घरी जाताना घाईत होते, कारण दुसरा भाग ऐकायचा होता. आता नदीवरून जाताना मी कठडा न्याहाळत जाते. परवा एका बाईंनी विचारलं, काही पडलं का तुमचं.

मग मला एक निवृत्त नर्स सापडली. तिने उभ्या आयुष्यात केलेली बाळंतपणं ती एकेक करून सांगते. आवाज खडबडीत, मध्येच चहाचा घोट घेतल्याचं ऐकू येतं, पण सांगते अशी की आपण त्या खोलीत कपडा घेऊन उभे आहोत असं वाटावं. एकदा तिने होडीत झालेली जुळी सांगितली, एक अलीकडच्या काठाला आणि दुसरं पलीकडच्या. मी मशीन बंद करून ऐकत राहिले तर मालक डोकावले, वीज गेली का बघायला. मग एक प्राध्यापक मिळाले, ते फक्त मातीबद्दल बोलतात. आणि गादीची ती जाहिरात! इतक्या मायेने कुणी मला झोपायला सांगितलं नव्हतं गं, मी गादी मागवतच होते. कारंजं रजेवरून आली तेव्हा तिला वाटलं होतं मी इअरफोन डब्यासकट परत देईन. उलट मीच तिला पुलांबद्दल सांगायला लागले. ती सगळं दीडपट वेगात ऐकते. मी करून बघितलं, ते भाऊ साळुंक्यांसारखे कचाकचा भांडायला लागले. मी परत पहिल्या वेगावर आले. माणसाला बोलताना श्वास घ्यायला तरी फुरसत द्यावी.

तुला खरं सांगू का, बाबा गेल्यापासून घरात आवाज राहिला नव्हता. तुझे बाबा दोघांचं बोलायचे, त्यांचं आणि माझं. दुकानात, बँकेत, पाहुण्यांत, मी नुसतं त्यांच्याकडे बघायचे आणि ते माझ्या वतीने सुरू व्हायचे. या चार वर्षांत असे दिवस गेले आहेत की संध्याकाळी भांडी घासताना मला आठवायचं, आज आपण तोंडच उघडलेलं नाही. आता भांडी घासताना माझ्याकडे भाऊ असतात, नर्स असते. मी त्यांना मनातून उत्तरंही देते. आणि मनातून बोलताना, तुला माहीत आहे, मी कुठेच अडत नाही.

आता मुख्य गोष्ट. एका मंगळवारी नर्सचा भाग संपला आणि फोनने आपणहून भलतंच काहीतरी लावलं. एक पुरुष म्हणाला, नमस्कार, मी... आणि आवाज गेला. मी इअरफोन दाबला. फोन हलवला. बोटाने पडदा पुसला. काही नाही. मग त्या शांततेत मला अगदी बारीक काहीतरी ऐकू आलं, दार आतून ढकलावं तसं. माझे हात थांबले. ठमे, ती शांतता मी ओळखली. फोन अडकला नव्हता, माणूस अडकला होता. मग त्याचं नाव एकदम बाहेर आलं आणि तो पुढे बोलायला लागला, जसं काही झालंच नाही. माफी नाही, खोकल्याचं नाटक नाही. पुन्हा अडला, पुन्हा थांबला, पुन्हा बोलला. पाऊण तास. त्या कार्यक्रमाचं नाव आहे 'थांबा, बोलतोय'. करणारा एक ग्रंथपाल आहे. पहिल्याच भागात तो सांगतो की 'शांतता राखा' अशी पाटी जिथे आहे अशी नोकरी त्याने मुद्दाम शोधली. मी एवढ्या मोठ्याने हसले की कारंजं धावत आली. मी तरी काचा घासायला का बसले? काचेला काही सांगावं लागत नाही म्हणून.

त्याचे एकोणतीस भाग मी दोन आठवड्यांत संपवले. प्रत्येक भागात एक अडखळणारं माणूस येतं. एक बसचालक, एक वकिलीण, एक आजोबा ज्यांनी लग्नाची मागणी चिठ्ठीवर लिहून घातली. एवढे दिवस मला वाटायचं, ही माझ्या एकटीच्या घशातली खोट आहे. आणि ऐकता ऐकता सारखी तू आठवायचीस. सातआठ वर्षांची तू, दुकानात माझ्यापुढे उभी राहून माझी यादी म्हणणारी. फोन वाजला की धावत येऊन, आई म्हणतेय की, असं सुरू करणारी. शाळेत पालकांना बोलवायचे तेव्हा बाईंना सांगायचीस, आईचा घसा बसलाय. चार वर्षं माझा घसा बसलेलाच होता, बाईंनी शेवटी मला औषध सुचवलं. आपण दोघी त्यावर किती हसलो होतो. पण तू तेव्हा माझ्या ओठांकडे बघत असायचीस, शब्द अडला की पटकन पुरा करायला, आणि खेळायच्या वयात एवढा जागता पहारा तुला मी करायला लावला, हे मी कधी बोलले नाही. तू अजूनही माझे शब्द पुरे करतेस. बहुतेकदा बरोबर असतात. कधी कधी मला दुसरंच म्हणायचं असतं, पण मी तुझाच शब्द घेऊन पुढे जाते, कारण तो तयार असतो.

तर मी त्या ग्रंथपालाला आवाजी निरोप पाठवला. अकरा वेळा बोलून पुसला, बाराव्यांदा पाठवला आणि फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की मी त्याच्या कार्यक्रमात येईन का. मी! रविवारी दुकान बंद असतं, मालकांनी किल्ली दिली आणि वर विचारलं की बाहेर 'शांतता राखा'ची पाटी लावू का. मी पंख्याखाली न बसता, खिडकी लावून, माझ्या त्याच स्टुलावर बसले. आम्ही दोघं बोललो ते बघायला तू हवी होतीस. तो अडला की मी थांबायचे, मी अडले की तो. कुणालाच घाई नव्हती. माझ्या शब्दाला कुणी हात लावला नाही. ठमे, मी पन्नास मिनिटं बोलले, आणि त्यातला एकूण एक शब्द माझा होता.

त्याने विचारलं, सगळ्यात अवघड शब्द कोणता. मला विचार करावा लागला नाही. मी सांगितलं, माझ्या मुलीचं नाव. तुला हे माहीत नाही. नाव बाबांनी ठेवलं, फार हौसेने, आणि त्याच्या पहिल्याच अक्षराशी माझं लहानपणापासूनचं वैर. त्यांचा चेहरा बघून मला सांगवेना. म्हणून तू घरात ठमी झालीस. तू गुबगुबीत होतीस हे खरं, पण नाव पडलं ते माझ्या सोयीने. ग्रंथपाल म्हणाला, म्हणून बघायचंय का, मी थांबतो. मी म्हटलं. किती वेळ लागला ते तू ऐकशीलच, त्याने ते कापलेलं नाही, मी कापू नका म्हणाले. त्यानंतर मी दुकानात एकटीच बसून ते नाव आणखी चारदा घेतलं. दोनदा अडलं. फार सुंदर नाव आहे गं.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की भिंगरीला यंदा सुट्टीत माझ्याकडे पाठवता येणार नाही, शिबिरात घातलंय. तू बोलत असताना मागून ती मला हाक मारत होती. 'आ... आ... आजी' म्हणाली, आणि तू लगेच म्हणालीस की ती दमलीये, आणि फोन ठेवलास. मला ती दमल्यासारखी वाटली नाही. आता कळलं ना, फोन का केला नाही ते. फोनवर मी हे बोलले असते तर निम्मं तूच बोलली असतीस. मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण दोन दिवस रागावले होते. मग कळलं, तू पुन्हा पहाऱ्याला उभी आहेस, या वेळी तिच्यासाठी, आणि माझ्यापासून. त्या ग्रंथपालाकडे एकदा वाचादोषांवर उपचार करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, तो भाग मी तीनदा ऐकला. त्या म्हणाल्या, हे ऐकून लागत नाही, कुणाजवळ राहून लागत नाही. घराण्यातून येऊ शकतं, हेही म्हणाल्या. म्हणजे कदाचित माझ्याकडूनच आलं असेल, आणि त्याचं मला किती वाईट वाटतं ते लिहायला जागा पुरायची नाही. पण या वयात अडणारी बरीच मुलं पुढे आपोआप मोकळी होतात, आणि झाली नाहीत तरी त्यांना हवं असतं ते एवढंच, की त्यांचं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. तिला तशा बाईंकडे घेऊन जा, मी तुझ्याबरोबर येईन. तिची चेष्टा होईल म्हणून तू घाबरतेस, माझी झालेली तू बघितली आहेस. पण मला लहानपणी अडखळणारं मोठं माणूस कुणी दाखवलं नव्हतं, पन्नाशी उलटल्यावर ते मला एका इअरफोनमध्ये भेटलं. भिंगरीला ते घरातच आहे. माझा भाग बुधवारी येतोय. तिला शेजारी घेऊन ऐक, आणि सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव, मी आठ दिवसांची रजा मागून ठेवली आहे, बावीस वर्षांतली पहिली. पाठवायचं नसेल तर तेही सांग, पण शिबिराचं नको, खरं सांग. अवघड जाईल तुला. जाऊ दे, सावकाश सांग. तुझं बोलणं पुरं होईपर्यंत मी मध्ये एक शब्द टाकणार नाही.

तुझीच, आता ऐकू येणारी,
आई